समोरच्या दारातून आत : नागपूरजवळच्या एका गावातील चर्च

माझ्या आईचा बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला, तिथे ती गेल्या नोव्हेंबरात नऊ वर्षांनी गेली. चाकांच्या खुर्चीत बसून गेली आणि घंटा वाजत असताना, बाकीची मंडळी ज्या दाराने आत जात होती त्याच दाराने गेली. अर्धांगवायूनंतर तिला नागपुरातील आणि नागपूरबाहेरील अनेक प्रार्थनास्थळी, सभागृहांत आणि कार्यालयांत नेताना दारातच परत फिरण्याचा प्रसंग आमच्यावर इतक्या वेळा आला आहे, की हे साधे वाक्य लिहितानाही मला मन भरून येते. ज्यांच्या घरात असे माणूस आहे, ज्यांना जुन्या वास्तूंविषयी आस्था आहे आणि चर्चच्या आवारातील झाडापाण्याची काळजी ही उपासनेचाच भाग मानता येते का असा प्रश्न ज्यांना पडतो, त्या सर्वांसाठी या भेटीचा वृत्तान्त सविस्तर लिहीत आहे.

गावाचे नाव मात्र लिहीत नाही, कारण तशी तिथल्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, विनंती आहे. लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेण्यासाठी नागपूरहून येणाऱ्या जोडप्यांची गर्दी मध्यंतरी इतकी वाढली होती, की घंटेच्या मनोऱ्यात घरटे करणारे पक्षी जागा सोडून जाऊ लागले. त्यानंतर पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सर्वांना हे सांगून ठेवले आहे. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रस्ता सोडून आत गेल्यावर हे गाव लागते. एसटीची गाडी फाट्यापर्यंत येते. परंतु तिच्या पायऱ्या पाहता चाकांची खुर्ची वापरणाऱ्याने स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन करणेच योग्य. शेवटचा सुमारे ३०० मीटरचा रस्ता काळ्या मातीचा आहे आणि पावसाळ्यात त्यात खुर्चीची चाके तर सोडाच, धडधाकट माणसाची चप्पलही रुतते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. मे महिन्यात, जेव्हा नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा वृद्धांना घेऊन तिथे जाऊ नये.

आम्ही गाडीतून उतरलो आणि सवयीने मी पायऱ्यांकडे पाहू लागले. राखण करणारे काका लगबगीने पुढे आले आणि म्हणाले, "पायऱ्यांकडं काहून पाहता जी ताई, इकडून या न, वाट इकडून आहे." मी थोडी घाबरलेच, कारण 'इकडून' या शब्दाचा अर्थ आजवर बहुधा मागचे दार, स्वयंपाकघर किंवा सामान उतरवण्याची जागा असाच निघत आला होता. एका दुसऱ्या ठिकाणी, ज्याचा उल्लेख मी इथे करणार नाही, चार जणांनी आईला खुर्चीसकट उचलून सात पायऱ्या चढवले होते. त्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण घरी आल्यावर आई दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चौघांनी उचलण्याची वेळ माणसावर एकदाच यावी. मी अजून जिवंत आहे." मार्काच्या शुभवर्तमानात कपर्नहूमच्या घरात चौघे मित्र एका पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून आत सोडतात. लहानपणापासून रविवारच्या शाळेत हा प्रसंग आम्ही त्या चौघांच्या विश्वासाचे उदाहरण म्हणून ऐकला. आईच्या आजारपणानंतर मला त्यातील दाराचाही विचार करावासा वाटतो : गर्दीमुळे दार अडले होते आणि आजारी माणसासाठी कोणी बाजूला सरकले नव्हते, म्हणून छप्पर उघडावे लागले.

इथला उतार पाहण्यासारखा आहे. जोते जमिनीपासून अडीच फूट उंच आहे. चाकांच्या खुर्चीसाठी सार्वजनिक इमारतींत १ : १२ हे उताराचे प्रमाण सांगितले जाते, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी, त्या हिशेबाने अडीच फुटांना तीस फूट लांब उतार हवा. चर्चच्या समोर एवढी सरळ जागा नाही, कारण मध्ये एक जुना कडुनिंब उभा आहे. असा पेच पडला की आपल्याकडे दोन उपाय ठरलेले असतात : एक तर झाड तोडायचे, नाही तर उतार इतका उभा करायचा की दोघांनी मागून ढकलल्याशिवाय खुर्ची वर जाऊ नये. या मंडळीने तिसरा मार्ग काढला. उतार कडुनिंबाला वळसा घालून नेला आहे. वळणावर पाच फूट लांब आणि पाच फूट रुंद सपाट जागा सोडली आहे, जिथे खुर्ची सहज वळते आणि ढकलणाऱ्यालाही दम खाता येतो. ही सपाट जागा नेमकी झाडाच्या सावलीत येते, त्यामुळे उपासनेनंतर सगळे गाव तिथेच गप्पा मारत उभे राहते. आणि आई, जी एरवी अशा वेळी गाडीत बसून आमची वाट पाहत असते, ती त्या घोळक्याच्या मधोमध होती.

बांधकामाची माहिती पाळकसाहेबांनी मोठ्या आस्थेने दिली. विदर्भातील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट बांधलेली फरशी दोन वर्षांत उखळते, आणि असा उतार जुन्या भिंतीला चिकटवला तर तो हलताना भिंतीलाही तडा देतो. म्हणून आधी काळी माती खणून काढली, तिच्या जागी मुरूम भरून ठोकून घट्ट केला आणि उताराचे बांधकाम जोत्यापासून बोटभर अंतर ठेवून वेगळे उभे केले. उद्या यापेक्षा चांगली सोय सुचली, तर मूळ वास्तूच्या एकाही दगडाला धक्का न लावता हा उतार काढून टाकता येईल. पृष्ठभागाला गुळगुळीत फरशीऐवजी टाकीचे घाव घातलेला काळा दगड वापरला आहे, त्यामुळे पावसातही चाक किंवा काठी घसरत नाही. कठडा सागवानी आहे. लोखंडी कठडा स्वस्त पडला असता. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच ही निवड कळेल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. इतकी वर्षे लोटूनही मोठ्या निधीच्या संस्था उताराच्या नावाखाली घसरगुंड्या बांधताना मी पाहिल्या आहेत. त्यापुढे एका शेतकरी गावाने वर्गणीतून केलेले हे काम मला फार मोलाचे वाटते.

आत गेल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या ओळीतील एक बाक अडीच-तीन फुटांनी आखूड करून घेतला आहे, जेणेकरून चाकांची खुर्ची ओळीतच, कुटुंबाच्या शेजारी उभी राहावी. इतरत्र आईची खुर्ची मधल्या वाटेत किंवा शेवटच्या भिंतीशी लावतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जातो. इथे ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली आणि गायनाचे पुस्तक आम्ही दोघींनी मिळून धरले. पुस्तकाची मोठ्या अक्षरांतील प्रतही मागितल्यावर मिळते. वहीच्या आकाराची, स्पायरल बांधणीची ही प्रत मंडळीतील तरुणांनी स्वतः अक्षरजुळणी करून छापून घेतली आहे. आईला बायबलमधील शास्त्रपाठ वाचण्याची विनंती झाली तेव्हा मात्र एक उणीव दिसली : वाचनाचे मेज दोन पायऱ्या वरच्या चौथऱ्यावर आहे आणि तिथवर जाण्याची सोय नाही. बिनतारी ध्वनिक्षेपक तिच्या हातात आणून दिला आणि तिने जागेवरूनच वाचले. ती चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचा आवाज आजारानंतर थोडा जड झाला आहे. तरी उंच छताखाली तो शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला.

इतिहासाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण नागपूरचे चर्च म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रल उभे राहते. त्याचा आराखडा मद्रास इंजिनिअर्समधील रिचर्ड सँकी यांनी १८५१ मध्ये केला आणि पुढे १८७९ मध्ये जी. एफ. बॉडली या इंग्रज वास्तुरचनाकाराच्या हातून त्याचा विस्तार झाला. ते छावणीतील आणि सरकारी कामावरील इंग्रजांचे चर्च होते. आमच्या गावच्या चर्चचे कूळ वेगळे आहे. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनशी जोडलेले आहे, ज्याचे काम नागपुरात १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप यांनी सुरू केले. नागपूरकरांना हे नाव १८८३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्लॉप कॉलेजामुळे ठाऊक असते. परंतु हा माणूस धर्मोपदेशक असतानाच किती मोठा निसर्ग-अभ्यासक होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. नागपूरच्या परिसरातील खडकांत त्यांनी वनस्पतींचे आणि गोड्या पाण्यातील शंख-शिंपल्यांचे जीवाश्म गोळा केले, सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह या भागाच्या भूगर्भरचनेवर लिहिले आणि गोंड व इतर आदिवासींच्या भाषा व चालीरीतींची टिपणे केली, जी त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याच्या प्रजातीला १८५८ मध्ये त्यांच्या नावावरून 'हिस्लोपिया' हे नाव देण्यात आले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून बोरीकडे परत येताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. तो नाला आमच्या गावापासून दूर नाही. लहानपणी सुट्टीत गावी आले की आजी तिकडे बोट दाखवून ही हकीकत सांगत असे, आणि पावसाळ्यात नाल्याकडे जायचे नाही हे तिचे तात्पर्य असे.

स्कॉटिश परंपरेमुळे इमारत अगदी साधी आहे : आयताकृती सभागृह, उतरते कौलारू छप्पर, त्याला आधार देणाऱ्या सागवानी कैच्या, कमानीच्या उंच खिडक्या आणि पश्चिमेला घंटेचा छोटा चौकोनी मनोरा. रंगीत काचा नाहीत, मूर्ती नाहीत. ज्यांना युरोपीय थाटाची भव्यता पाहायची असेल त्यांची इथे निराशा होईल. मला ही साधेपणाची शिस्त आवडते. दुपारच्या उन्हात पांढऱ्या चुन्याच्या भिंतींवरून परतणारा प्रकाश इतका मऊ असतो, की दिवा लावावा लागत नाही. स्कॉटिश मिशनच्या मंडळ्या पुढे १९२४ साली स्थापन झालेल्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंघांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले, तेही नागपुरातच. तो रविवार होता आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाचाही पहिला रविवार. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचे वडील नवे धोतर नेसून पहाटे बैलगाडीने निघाले आणि तिला सोबत घेऊन गेले, एवढे तिला आठवते; भाषणांतले काहीही आठवत नाही, पण निरनिराळ्या भाषांत एकाच वेळी म्हटलेली प्रभूची प्रार्थना आठवते. हे सांगणारी पाटी किंवा साधा कागदही चर्चमध्ये कुठे लावलेला नाही. आईच्या वयाची माणसे आहेत तोवर त्यांना विचारून हे लिहून ठेवणे निकडीचे आहे आणि मी ते पाळकसाहेबांना स्पष्ट सांगितले आहे.

वास्तूची निगा राखण्यात एक चूक पूर्वी झाली होती आणि ती सुधारण्यात आली, हे मंडळीने मोकळेपणाने सांगितले. काही वर्षांपूर्वी भिंतींचा खालचा भाग सिमेंटने गिलावला होता. जुन्या विटांची आणि चुन्याची भिंत जमिनीतील ओल ओढते आणि ती हळूहळू बाहेर टाकते. सिमेंटमुळे तिचा श्वास कोंडला, ओल वर चढली, क्षार फुटले आणि वीट पिठासारखी झडू लागली. शेवटी सिमेंट खरवडून काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. त्यासाठी चुना अनेक आठवडे पाण्यात मुरवला आणि गूळ व बेलफळ भिजवलेल्या पाण्यात वाळूबरोबर मळला. हे काम जाणणारा वयस्कर गवंडी शेजारच्या तालुक्यात सापडला आणि गावातील दोन तरुण त्याच्या हाताखाली शिकले. आता चर्चपुरते तरी हे ज्ञान गावात राहिले आहे.

सृष्टीच्या संगोपनाविषयी आज जगभरातील चर्चमध्ये बोलले जाते. ऑर्थोडॉक्स पंथाचे कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मप्रमुख दिमित्रिओस पहिले यांनी १९८९ मध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये या विषयावर परिपत्रक काढले, आणि आता १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ अनेक पंथ मिळून पाळतात. या गावात त्या काळातील एक संध्याकाळची उपासना कडुनिंबाखाली होते आणि त्या वेळी हिस्लॉप यांचेही स्मरण करतात. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. हे दोन शब्द शेतकऱ्यांच्या मंडळीला समजावून सांगावे लागत नाहीत. छपरावरचे पाणी पन्हाळीतून एका टाकीत येते आणि दगड, वाळू व कोळशाच्या थरांतून गाळून जुन्या विहिरीत सोडले जाते. चर्चला लागून असलेल्या दफनभूमीत गवत वर्षातून एकदाच, बी झडून गेल्यावर कापतात. त्यामुळे ती अस्ताव्यस्त दिसते असे आमच्या गाडीचालकाचे मत पडले, पण तिथे मी एका फेरीत जितकी फुलपाखरे पाहिली तितकी शहरातल्या आखीव बागेत वर्षभरात दिसत नाहीत. कबरींपर्यंत जाणारी एक वाट मुरूम टाकून सपाट केली आहे, आणि आईला नऊ वर्षांनी तिच्या आईवडिलांच्या कबरीवर स्वतःच्या हाताने फुले ठेवता आली. त्याविषयी मी अधिक लिहू शकत नाही.

मनोऱ्यात गव्हाणी घुबडांची जोडी आहे. घुबड अशुभ मानणारे आपल्याकडे पुष्कळ असल्याने अनेक ठिकाणी झरोके जाळीने बंद करतात. इथे झरोका उघडा ठेवून खाली एक लाकडी फळी बसवली आहे, म्हणजे विष्ठा घंटेवर किंवा माणसांवर पडू नये. हाडे आणि केस यांचे जे गोळे घुबडे ओकून टाकतात, ते फळीवरून गोळा करून शाळेच्या मुलांना दाखवतात. त्यात उंदरांच्या कवट्या पाहिल्यावर शेतकऱ्याला या पक्ष्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आम्ही गेलो तो रविवार हंगामाच्या सणाचा होता. वेदीपुढे कापसाची बोंडे, सोयाबीनची पोती, भोपळे, अंडी आणि आंबिया बहराची संत्री मांडली होती, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव झाला. आईने संत्र्यांची एक टोपली बाजारभावाच्या तिप्पट किमतीला घेतली आणि मी काही बोलले नाही. जेवण पळसाच्या पानांच्या पत्रावळींवर होते : वरण-भात, वांग्याची भाजी आणि पोळी. उष्टे आणि पत्रावळी दोन्ही आवारातल्या खतखड्ड्यात गेले. त्याच आवारात नाताळसाठी आणून ठेवलेले थर्माकोलचे तारे आणि प्लास्टिकच्या पताकांचे गठ्ठे पाहून मला वाईट वाटले. बांबूच्या कामट्यांचा आणि कागदाचा तारा करणारी माणसे याच गावात आहेत. मग हे विकत आणण्याचे कारण काय, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

सर्वांत मोठी त्रुटी शौचालयाची आहे आणि ती मी सौम्य शब्दांत मांडणार नाही. ते आवाराच्या मागच्या कोपऱ्यात आहे, दारापाशी सहा इंचांची पायरी आहे, दार इतके अरुंद आहे की खुर्ची आत जात नाही, आणि आत उकिडवे बसायचे भांडे आहे. तीस फुटांचा उतार इतक्या विचाराने बांधणाऱ्यांनी ही गोष्ट शेवटी ठेवली, कारण तिच्याविषयी बोलायला सगळ्यांना संकोच वाटतो. आमच्यासारख्या कुटुंबांना कुठेही जाण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच पडतो आणि त्याच्या उत्तरावर घराबाहेर पडायचे की नाही हे ठरते. आईने सकाळपासून पाणी जवळजवळ घेतले नव्हते. पाळकसाहेबांनी ऐकून घेतले, वही काढून दाराची रुंदी आणि बैठकीची उंची लिहून घेतली, आणि हंगामाच्या सणाच्या लिलावाची रक्कम यासाठीच वापरण्याचा प्रस्ताव मंडळीपुढे ठेवण्याचे कबूल केले.

उपासना रविवारी सकाळी दहाला असते. इतर दिवशी जायचे असेल तर राखण करणाऱ्या काकांना गावात विचारावे, ते कुलूप उघडून देतात आणि पैसे घेत नाहीत. मनोऱ्याच्या दिशेने कॅमेऱ्याचा झोत मारू नये. फेब्रुवारीत मृग बहराची संत्री येतील तेव्हा पुन्हा येण्याचे आईने ठरवले आहे, आणि शौचालयाची पायरी निघाली की आधी फोन करा, असे निघताना तिने पाळकसाहेबांना बजावले आहे. तोवर आम्ही उपासना संपल्यावर जेवणाला न थांबता निघू.